आवाज वजा केल्यावर: कमलाबाई गोखले यांचं प्रकरण

कमलाबाई गोखले मराठी वाचकाला साधारण दोन ठिकाणी भेटतात. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात ‘भारतीय पडद्यावरच्या पहिल्या नायिका’ म्हणून, नाहीतर विक्रम गोखल्यांच्या आजी म्हणून. दोन्हीकडे त्यांना एका ओळीत उरकलेलं असतं. नागपुरातल्या आमच्या अभिनयाच्या अभ्यासवर्गात एकेका नटाची कारकीर्द उलगडून बघायचा प्रघात आहे. या खेपेला कमलाबाईंचं प्रकरण घेतलं, कारण वर्गातल्या एका मुलीपुढे जो पेच उभा राहिला होता तो याच जातीचा होता. तो पुढे येईल.

घर म्हणजे मंडळी

कमलाबाईंचा जन्म १९०० सालचा. आई दुर्गाबाई कामत. नवऱ्यापासून वेगळं व्हायची वेळ दुर्गाबाईंवर आली तेव्हा मुलगी अगदी लहान होती. पांढरपेशा घरातल्या एकट्या बाईने त्या काळात काय करावं हे समाजाने ठरवूनच ठेवलेलं होतं: माहेरच्या माजघरात पडून राहावं किंवा चार घरचा स्वयंपाक करावा. दुर्गाबाई फिरत्या नाटक मंडळीत गेल्या. नाटकात पुरुषाने जाणंही कुळाला बट्टा मानायचे ते दिवस. बाईने जाणं म्हणजे परतीचं दार आतून लावून घेणं. चौथ्या वर्षापासून कमलाबाई रंगभूमीवर उभ्या राहिल्या. मुक्काम हलला की शाळा हलते अशा आयुष्यात तालीम हीच शाळा.

हे प्रकरण समजून घ्यायचं तर त्या वेळच्या नाट्यव्यवसायाचं अर्थकारण आधी समजून घ्यावं लागतं. संगीत नाटक मंडळीचं सगळ्यांत मोठं भांडवल पडदे आणि कपडे नव्हे, तर स्त्रीपार्टी नट, म्हणजे बाईची भूमिका करणारा पुरुष. बालगंधर्व १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले आणि १९११ च्या ‘मानापमान’ने त्यांची नायिका भामिनी घराघरांत पोचवली. ध्वनिक्षेपक नाहीत, नाट्यगृह कधी पक्कं, कधी तट्ट्यांचं, आणि शेवटच्या रांगेतल्या चार आण्यांच्या प्रेक्षकालाही पदातली हरकत, सुरांची बारीक नक्षी, ऐकू गेली पाहिजे. वन्समोअर पडला की पद पुन्हा. खेळ रात्री सुरू व्हायचा तो पहाटेकडे झुकायचा. मुंबई-नागपूर रेल्वे १८६७ पासून सुरू होती, त्यामुळे अमरावती-नागपूरचे मुक्काम मोठ्या मंडळ्यांच्या दौऱ्यात असायचे. वऱ्हाडातला कापसाचा पैसा हाती आला की तिकिटाची खिडकी भरते हे मंडळ्यांच्या मालकांना कुणी शिकवावं लागत नव्हतं.

अशा बाजारात बाईची भूमिका करायला प्रत्यक्ष बाई असणं ही पात्रता नव्हती, अडचण होती. तिच्यासाठी बिऱ्हाडात वेगळी सोय करा, गावातल्या कुजबुजीला तोंड द्या, आणि वर प्रेक्षकाची आवड पुरुषाच्या स्त्रीरूपावर घडलेली. पुरुष नटाची बाई ही त्यांना ‘कला’ वाटायची. खऱ्या बाईची बाई ‘हे काय, आहेच’. मायलेकी मंडळीत होत्या, कामंही करत होत्या, पण रंगभूमीच्या मुख्य प्रवाहाला त्यांची गरज नव्हती.

फाळक्यांना मात्र होती

१९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पूर्ण केला. २१ एप्रिलला मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मेपासून कॉरोनेशनमध्ये सर्वांसाठी. लांबी ३,७०० फूट. हरिश्चंद्र झालेले दत्तात्रय दामोदर दाबके नाटकातले नट होते. तारामतीसाठी मात्र एकही बाई मिळाली नाही. फाळके वेश्यावस्तीतही विचारून आले, तिथेही नकार. शेवटी एका खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले.

इथे माझ्या मते एक गोष्ट नीट लक्षात घेतली जात नाही. तारामतीचं काम एखाद्या नावाजलेल्या स्त्रीपार्टी नटाने का केलं नाही? सिनेमाची प्रतिष्ठा शून्य होती हे एक कारण आहेच. पण व्यवहाराचंही कारण असणार. ज्या नटाचा गळा त्याला मंडळीत मानाचं पान मिळवून देतो, त्याने गळा बाहेर ठेवून आत का यावं? मूकपटाने नटाकडे मागितला तो फक्त देह. त्यामुळे गळ्यावर मिळवलेलं मानाचं पान ज्यांच्याकडे गमावण्यासारखं नव्हतं ते आधी आले: खानावळीतले साळुंके, आणि रंगभूमीने कडेला ठेवलेल्या मायलेकी.

‘मोहिनी भस्मासूर’ हा फाळक्यांचा पुढचा चित्रपट, तोही १९१३ चाच. त्या वर्षी त्यांनी बिऱ्हाड आणि काम नाशकात हलवलं होतं. दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि तेरा वर्षांच्या आसपासच्या कमलाबाई मोहिनी. त्याच वर्षी, जुलैमध्ये, बालगंधर्वांनी स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली होती. म्हणजे पुरुषाचं स्त्रीरूप रंगभूमीवर ऐन भरात असताना पडद्यावर बाई आली. दोन्ही घटनांच्या तारखा वेगवेगळ्या पुस्तकांत वाचायची सवय असल्याने त्या शेजारी ठेवून कुणी बघत नाही.

आणि गंमत अशी की मोहिनी ही मुळात कोण? विष्णू. पुरुषाने घेतलेलं स्त्रीरूप. एखादी भूमिका स्त्रीपार्टी नटासाठीच बेतलेली असेल तर ती हीच, आणि नेमकी तीच पहिल्या खऱ्या नायिकेच्या वाट्याला आली.

कथेची निवडही नुसती पौराणिक म्हणून सोडून देण्यासारखी नाही. भस्मासुराला वर मिळतो: ज्याच्या डोक्यावर हात ठेवशील तो भस्म होईल. मोहिनी नाचते, तो तिची नक्कल करत जातो, आणि नकलेच्या ओघात स्वतःचाच हात स्वतःच्या डोक्यावर ठेवतो. सगळा उत्कर्षबिंदू हातवाऱ्यांत आहे. एका शब्दाची गरज नाही. हरिश्चंद्राच्या कथेत वचन आहे, सत्य आहे, म्हणजे बोललेला शब्द आहे. तो पडद्यावर मजकुराच्या पाट्यांवर लिहून दाखवावा लागतो. मोहिनीच्या कथेत नाचणारीचा हात जिथे जातो तिथे प्रेक्षकाची नजर जाते आणि काम फत्ते. मूकपटासाठी याहून चोख कथा शोधूनही सापडली नसती, आणि ती पेलायला गळा नको होता, लयीचं अंग हवं होतं. नाटकात वाढलेल्या मुलीकडे ते होतं.

कॅमेऱ्यासमोर नेमकं काय बदललं

आजच्या मुलांना ‘मूकपट’ म्हटलं की धावपळ करणारी काळी-पांढरी माणसं आठवतात. कॅमेरा हाताने फिरवायचा, वेग सेकंदाला साधारण सोळा चौकटी. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा चौकटी बसतात, म्हणजे एक फूट म्हणजे एक सेकंद. या हिशेबाने ‘हरिश्चंद्र’चे ३,७०० फूट तासाभराचे. पहाटेपर्यंतचं नाटक आणि तासाभराचा चित्रपट, यातच अभिनयाची सगळी किंमत बदलते. नाटकात भाव रुजायला पदाची तीन कडवी मिळतात. इथे फूट मोजून मिळतो, आणि फिल्म परदेशातून विकत आणलेली.

नटांच्या दृष्टीने दुसरा मोठा बदल रंगभूषेचा. त्या काळची फिल्म निळ्या-हिरव्या प्रकाशाला जागी आणि लाल रंगाला आंधळी. लाल काही असलं की ते काळं उमटायचं. नाटकात गॅसबत्तीच्या उजेडात गालावर जी लाली खुलून दिसते, तीच पडद्यावर गाल बसल्यासारखी दिसणार. कुंकू काळं, ओठ काळे, रंगीत लुगड्यातला लाल आणि काळा एकच. शिवाय चित्रण उन्हात, विजेचे दिवे नाहीत. ऊन डोळ्यांवर घेऊन डोळे न मिटता शृंगार दाखवायचा, हे ज्याने मे महिन्यात नागपुरात भर दुपारी फोटो काढून घेतला आहे त्याला वेगळं सांगायला नको.

तिसरं म्हणजे प्रेक्षकच नाही. टाळी नाही, हुंदका नाही, वन्समोअर नाही. कॅमेरा फिरवणारा माणूस आणि सूचना देणारे दिग्दर्शक. नाटकातली मुलगी प्रेक्षकाच्या श्वासावर वाक्य तोलायला शिकलेली असते. इथे श्वास तिचा एकटीचा. चित्रपट थिएटरात लागला की पेटी-तबला वाजवणारे खाली बसून संगीत देत, कुणी पाट्या मोठ्याने वाचून दाखवी. म्हणजे पडद्यावरच्या मोहिनीला ताल दुसऱ्याचा, शब्द दुसऱ्याचे, आणि स्वतः ती त्या गावात नाहीच.

मग परत का गेल्या?

या प्रकरणाचा खरा गाभा हा आहे. नवं माध्यम, मोकळं मैदान, स्पर्धा नाही, फाळक्यांसारखा माणूस. १९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन लंडनला गेले तेव्हा ‘मोहिनी भस्मासूर’ त्यांच्या सामानात होता. कुणीही म्हणेल की आता ही मुलगी पडद्यावर राज्य करणार. कमलाबाई रंगभूमीवर परतल्या आणि पुढची कित्येक वर्षं त्यांचं पोट नाटकानेच भरलं.

वर्गात पहिलं उत्तर आलं ते ‘समाजाच्या दबावामुळे’. मला ते पटत नाही. दबाव तर नाटकातही होताच, आणि तो या घराने आधीच पचवला होता. मला कारण पैशाच्या नियमिततेत दिसतं. चित्रपट म्हणजे एकदाचं काम. फाळक्यांची गाडीही सुरळीत नव्हती. महायुद्ध सुरू झालं, पैसा आटला, कच्ची फिल्म बाहेरून यायची तिचीही ओढाताण. नाटक मंडळीत मुक्कामामागून मुक्काम असतो. मानधन थकतं, पण ताटात भाकरी पडते. बाईने पडद्यावर काम करायचा पायंडाही लगेच पडला नव्हता. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही साळुंकेच झाले. एकदा दार उघडलं की उघडंच राहतं हा आपला गैरसमज. ते वाऱ्याने परत लागतं.

आणि दुसरं कारण गळ्याचं. कमलाबाई गाणाऱ्या नटी होत्या. पडद्याने त्यांना चेहरा दिला, पण त्यांच्या कमाईचं जे मूळ साधन, ते दाराबाहेर ठेवायला लावलं.

लग्नाने हे चित्र आणखी रंगतदार होतं. पती रघुनाथराव गोखले किर्लोस्कर मंडळीत स्त्रीभूमिका करायचे. आवाज फुटला आणि त्या भूमिका गेल्या. मग ते भावाच्या मंडळीत आले आणि कमलाबाई तिथे नायिका झाल्या. गळा बदलल्यामुळे बाई होता येईना असा पुरुष, आणि जिथे गळ्याची गरजच नाही अशा पडद्यावर पहिली मोहिनी झालेली बाई. दोघं मिळून संगीत रंगभूमीवर संसार करतात. नाटककाराने लिहिलं असतं तर फार जुळवून आणलंय म्हणून आपण नाक मुरडलं असतं.

हा संसार फार टिकला नाही. कमलाबाई पंचविशीच्या आसपास असताना रघुनाथराव गेले. पदरी लहान मुलगे. थोरले चंद्रकांत, जन्म १९२१, पुढे मराठी नाटक-चित्रपटांतले मोठे नट; लालजी आणि सूर्यकांत दोघेही तबलावादक. पाठीशी घरदार नसलेल्या विधवेने पोरं वाढवली ती काम करत. या काळात त्यांनी पुरुषभूमिकाही केल्या. ज्या रंगभूमीने पुरुषांच्या स्त्रीरूपासाठी त्यांना कडेला ठेवलं, तिथेच त्या मिशी लावून उभ्या राहिल्या.

बोलपटाने पारडं फिरवलं

१४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट लागला आणि आवाजाला पुन्हा भाव आला. मूकपटाच्या शेवटच्या दशकातल्या तारका बघा. सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, आधी टेलिफोन ऑपरेटर होत्या. मूकपटात त्यांना भाषेची अडचण नव्हती, कारण भाषाच नव्हती. बोलपट आला तेव्हा त्यांना काम थांबवून वर्षभर हिंदुस्थानी शिकावी लागली आणि नंतर त्या परतल्या. उलट १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त प्रभात फिल्म कंपनीने हरिश्चंद्र म्हणून घेतले ते गोविंदराव टेंबे, म्हणजे संगीत रंगभूमीचं अस्सल माणूस. फाळक्यांच्या हरिश्चंद्राला गळा लागला नव्हता, प्रभातच्या हरिश्चंद्राला गाता यावं लागलं.

म्हणून कमलाबाईंची पडद्यावरची खरी कामं बोलपटाच्या काळातली आहेत, हे मला अजिबात आश्चर्याचं वाटत नाही. चित्रपटांची संख्या पस्तिसाच्या घरात सांगितली जाते. शेवटचा १९८० चा ‘गहराई’. पण लोकांच्या लक्षात राहिली ती मुकी मोहिनी. आपल्याकडे पहिलेपणाचा फार सोस आहे. पहिली रेल्वे, पहिला चित्रपट, पहिली नायिका, आणि पुढच्या साठ-सत्तर वर्षांचा हिशेब कुणी मागत नाही. नव्वदीच्या घरातल्या कमलाबाईंवर रीना मोहन यांनी माहितीपट केला, त्यामुळे निदान त्यांचं म्हातारपणातलं बोलणं उरलं.

उलटी बाजू बालगंधर्वांची. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त ते एकनाथ झाले, पुरुषवेशात. करार आणखी चित्रपटांचा होता, पण ते रंगभूमीवर परतले. पडद्याला गळा चालत होता; त्यांची भामिनी, त्यांची रुक्मिणी चालत नव्हती. कॅमेरा जवळ आला की लुगड्यातला पुरुष लपत नाही. जे कॅमेऱ्याने बालगंधर्वांकडून काढून घेतलं, ते बावीस वर्षं आधी कमलाबाईंना न मागता मिळालं होतं. त्या बदल्यात काय सोडलं तेही आपण बघितलं.

नागपूरचा पेच

आता आमच्या वर्गातली मुलगी. राज्य नाट्य स्पर्धेत कामं केलेली, आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीत जाणारी. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो: गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या धानाच्या पट्ट्यात पीक हाती आलं की रात्रभराच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असेल त्या गावात हमखास नाटक. वडसा हे या धंद्याचं केंद्र. नागपुरातल्या अभिनेत्री तिथे नाईटवर, म्हणजे एकेका रात्रीच्या मानधनावर जातात, गातात, मंडपभर गर्दीला आवाज पोचवतात. संगीत नाटक मंडळीचं १९१० सालचं अर्थकारण आज जिवंत बघायचं असेल तर मुंबईला जाऊ नका, वडशाला जा.

या मुलीला मुंबईच्या एका मालिकेत मोठं काम आलं. चेहरा पसंत, अभिनय पसंत. अट एक: आवाज दुसऱ्या अभिनेत्रीचा लावणार, कारण हिच्या बोलण्यात नागपूर ऐकू येतं. चित्रीकरणाच्या तारखा मात्र झाडीपट्टीच्या हंगामातच.

ती वर्गात म्हणाली, “सर, आवाज तर यायले नकोच आहे. मंग मी तिथं काय करून राहिली?”

कमलाबाईंचं प्रकरण त्यानंतर वाचायला घेतलं. सोबत एक साधा प्रयोग केला. प्रत्येकाने आपल्या आवडीचा एक प्रवेश मोबाइलसमोर करायचा आणि बघताना आवाज बंद ठेवायचा. झाडीपट्टीतल्या मुलांच्या नजरा सगळ्या शेवटच्या रांगेवर खिळलेल्या, हात खांद्याच्या वर, आणि वाक्य सुरू करण्याआधी घेतलेला श्वास मानेवर स्पष्ट दिसतो. ऐकताना जो दम वाटतो तो नुसता बघताना अट्टाहास वाटतो. त्या मुलीचं काम मात्र बिनआवाजाचंही उभं राहिलं. लावणीवर हात बसलेला असल्याने हालचालीत लय होती. म्हणजे निर्माते चुकीचं काही बघत नव्हते.

वाद रंगला. एकाचं म्हणणं, पैसे घे, आवाजाचं नंतर बघू. साळुंके नाही का खानावळीतून आले? दुसरीने त्याला तिथेच अडवलं: साळुंक्यांकडे सोडायला काय होतं? हिच्याकडे हंगाम आहे. मला दुसरीचं म्हणणं पटलं, पण अर्धंच. कमलाबाईंनी पडदा नाकारला नव्हता. त्या गेल्या, मोहिनी झाल्या, परत आल्या, पुढे आवाजासकट पुन्हा गेल्या. त्यांना हे करता आलं कारण मंडळीतली जागा कायम सुटली नाही. या मुलीचा करार मात्र पूर्ण हंगाम बांधून घेणारा होता, आणि झाडीपट्टीत एक हंगाम नाव पोस्टरवर नसलं की पुढच्या वर्षी कंपनीचा फोन दुसरीला जातो.

शिवाय मूकपटात प्रेक्षकाला ठाऊक असायचं की आवाज नाही. डबिंगमध्ये त्याला वाटतं हाच हिचा आवाज. उद्या ती नाटकाच्या दौऱ्यावर उभी राहिली आणि तोंड उघडलं, की मालिकेतली ती हीच का, अशी शंका पहिल्या रांगेतच सुरू होणार. १९१३ च्या मोहिनीला हा त्रास नव्हता.

निर्मात्यांशी बोलायचं ठरलं ते या मुद्द्यावर. प्रमाण बोलीचा सराव ती करेल, पण आवाजाची चाचणी घेतल्याशिवाय डबिंगची अट करारात नको; आणि डबिंग करायचंच असेल तर श्रेयनामावलीत आवाज देणारीचं नाव स्वतंत्र लिहा. नाव लिहायला त्यांनी लगेच नकार दिला. चाचणीला तयार झाले. सुरुवातीचे भाग तिच्याच आवाजात करून बघू, नाही जमलं तर डब, असं सध्या त्यांचं म्हणणं आहे. तिने त्यावर तारखांची सूट मागितली आहे, महिन्यातले काही शनिवार-रविवार. उत्तर यायचं आहे, आणि वडशाच्या कंपनीला दिलेला शब्द तिने अजून परत घेतलेला नाही.